कांस्याच्या चिलखताला आतून काय होतं?

मे २०२४मध्ये ग्रीसमधल्या एका प्रयोगाची छायाचित्रं जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चकाकणाऱ्या पत्र्यात बंद झालेला जवान, हातात भाला, डोक्यावर रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. ग्रीक सैन्यातल्या १३ मरीन जवानांनी सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या एका चिलखताची प्रतिकृती अंगावर चढवली आणि ११ तास लुटुपुटीची लढाई केली. हालचालींचा आराखडा प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या युद्धकाव्यातल्या वर्णनांवरून बेतलेला होता. थेसली विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंद्रेयास फ्लूरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवानांच्या हृदयाचे ठोके, शरीराचं तापमान आणि थकवा मोजला. त्यांचा निष्कर्ष असा, की हे चिलखत फक्त मिरवण्यापुरतं नव्हतं. ते घालून खरोखर लढता येतं.

छायाचित्रात दिसते ती बाहेरची बाजू. ती पाहताना साहजिकच मनात येतं, की एवढा पत्रा अंगाला लागून असताना माणसाला टोचत, घासत, भाजत नसेल का? आणि पत्र्यावर तलवार आदळली तर आतल्या बरगड्यांचं काय होत असेल? या प्रश्नांची उत्तरं चिलखताच्या आतल्या बाजूला आहेत. ती बाजू चामडं, लोकर, कापड अशा कुजणाऱ्या वस्तूंची होती, म्हणून संग्रहालयात बहुतेक वेळा ती नसतेच. तरीही तिच्याबद्दल आपल्याला बरंच सांगता येतं.

## डेंड्राच्या थडग्यातलं चिलखत

१९६०च्या मे महिन्यात दक्षिण ग्रीसमधल्या डेंड्रा या गावाजवळ ग्रीक आणि स्वीडिश पुरातत्त्वज्ञांनी एक थडगं उघडलं. आत एका योद्ध्याचं जवळजवळ पूर्ण चिलखत होतं, ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकाच्या अखेरीचं. कांस्याचे १५ वेगवेगळे पत्रे, चामड्याच्या वाद्यांनी एकमेकांना बांधलेले. छाती आणि पाठ झाकणारे दोन मोठे पत्रे डाव्या बाजूला बिजागरीने जोडलेले. खांद्यांवर वेगळे, काखेपाशी त्रिकोणी, गळ्याभोवती उंच कॉलरसारखा एक. आणि कमरेखाली लोंबणारे वाकवलेले पत्रे. सगळ्याचं वजन पंधरा ते अठरा किलोंच्या घरात. आज ते ग्रीसमधल्या नाफ्प्लिओ शहराच्या संग्रहालयात उभं आहे.

पत्र्याची जाडी सुमारे एक मिलिमीटर. कडा बाहेरच्या बाजूला वळवलेल्या, म्हणजे धार अंगात रुतू नये. आणि कडांलगत बारीक भोकांची रांग. अशी भोकं सजावटीसाठी पाडत नाहीत, त्यांतून काहीतरी ओवलेलं असतं. इथे ओवलेलं होतं ते अस्तर: पत्रे आतून चामड्याने मढवलेले होते.

म्हणजे युरोपात सापडलेल्या पत्र्याच्या पूर्ण चिलखतांपैकी सर्वांत जुन्या चिलखतातसुद्धा धातू आणि मऊ थर यांची जोडी ठरलेली होती. अस्तर म्हणजे नंतर सुचलेली खोगीरभरती नव्हती.

## पत्रा काय करतो आणि काय करत नाही

आपल्या ओळखीची एकच वस्तू डोळ्यांसमोर ठेवू: दुचाकी चालवताना घालायचं हेल्मेट. बाहेरून कडक कवच, त्याच्या आत थर्माकोलचा जाड थर, आणि अगदी आत डोक्याला लागणारं मऊ कापड. नुसतं कडक कवच डोक्यावर ठेवून कोणी पडलं, तर कवच फुटणार नाही कदाचित, पण डोकं फुटेल.

असं का होतं? घाव येतो तेव्हा त्याच्याबरोबर ठरावीक ऊर्जा येते. ती कुठेतरी जिरावी लागते. कडक थर दोन कामं करतो. एक, टोक किंवा धार आत शिरू देत नाही. दोन, एका बिंदूवर आलेला जोर मोठ्या भागावर पसरवतो. तिसरं काम त्याला नीट जमत नाही, ते म्हणजे घाव हळूहळू थांबवणं. तीच ऊर्जा दोन मिलिमीटर अंतरात थांबवायची झाली तर अंगावर जितका जोर येतो, त्याच्या पाचवा हिस्सा जोर ती दहा मिलिमीटरमध्ये थांबवली तर येतो. मऊ थर हे जास्तीचे आठ मिलिमीटर देतो. त्यात जादू काही नाही, फक्त अंतर आहे, आणि त्या अंतरामुळे मिळणारा क्षणाचा अगदी छोटा अंश.

कांस्याच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. कांस्य म्हणजे तांब्यात कथील मिसळून केलेला धातू. चांगल्या कांस्यात साधारण नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के कथील. त्याचा पत्रा थंड असतानाच मठारत, म्हणजे हातोडीने ठोकत गेलं की तो कडक होत जातो. फार मठारला तर तडकतो, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करून घ्यावा लागतो. कुशल कारागीर शेवटचे हात मारताना त्याला हवा तेवढा कडकपणा देऊन ठेवतो. इतकं करूनही एक मिलिमीटरचा पत्रा जोरदार घावाखाली दबतोच. त्याचा पोचा आतल्या बाजूला फुगवटा होऊन येतो. तो फुगवटा थेट हाडावर यायचा की मधल्या थरावर, एवढाच प्रश्न उरतो.

## मग पत्राच जाड का केला नाही?

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. एक चौरस मीटर आकाराचा, एक मिलिमीटर जाडीचा कांस्याचा पत्रा जवळपास पावणेनऊ किलो भरतो. जाडी दुप्पट केली की साडेसतरा किलो. डेंड्राच्या चिलखताची जाडी दुप्पट केली असती, तर माणसाने पस्तीसेक किलोंचं ओझं घेऊन भाला फेकायचा होता.

जाडीचा फायदा मोठा असतो हे खरं. पत्रा वाकायला किती विरोध करतो हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं. जाडी निम्मी केली तर तोच पत्रा तेवढ्याच जोराखाली आठपट वाकतो. म्हणून कारागिरांनी जाडी सगळीकडे सारखी ठेवलीच नाही. नंतरच्या काळातल्या ग्रीक शिरस्त्राणांत नाकावरची पट्टी आणि चेहऱ्याकडचा भाग जाड, मागचा भाग पातळ असा फरक दिसतो. पत्र्याला गोलाई देणं, कड वळवणं, उभे-आडवे उठाव काढणं, हे सगळं वजन न वाढवता ताठपणा वाढवण्याचे उपाय. कथील ग्रीसमध्ये मिळत नव्हतं, दूरवरून आणावं लागे. धातू उधळून चालण्यासारखं नव्हतं. त्यामानाने लोकर, चामडं आणि जवसाच्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन गावोगाव तयार होत होतं. पातळ धातू आणि त्यामागे स्वस्त मऊ थर, हा हिशेब वजनालाही परवडणारा होता आणि खर्चालाही.

## तीन वेगळ्या गोष्टी

इथे थोडं थांबून तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण लिहिताना त्या सर्रास एक केल्या जातात.

पहिली, अस्तर: पत्र्याला आतून कायमचा शिवलेला किंवा चिकटवलेला पातळ थर. तो घासणं थांबवतो, धातूची कड झाकतो, धातूचा धातूवर होणारा आवाज कमी करतो. दुसरी, गादी: घाव झेलण्यासाठी मुद्दाम जाड ठेवलेला थर. ती पत्र्याला जोडलेली असेल किंवा सुटीही असेल. आणि तिसरी, चिलखताखाली घालायचा कपडा किंवा टोपी, जी योद्ध्याच्या अंगावर असते, चिलखतावर नाही.

डेंड्राच्या पत्र्यांवरची भोकं पहिल्या गोष्टीचा पुरावा देतात. दुसरीचा आणि तिसरीचा पुरावा वेगळीकडे शोधावा लागतो, आणि तो सर्वांत भरभरून मिळतो तो डोक्याच्या बाबतीत.

## डोक्यासाठी त्यांनी काय काय केलं

'इलियड'च्या दहाव्या सर्गात ग्रीक वीर ओडिसियस रात्रीच्या हेरगिरीला निघतो तेव्हा त्याचा साथीदार मेरिओनीस त्याला आपलं शिरस्त्राण देतो. होमरने त्याची रचना कारागिराच्या बारकाईने सांगितली आहे: आतून ताणून बसवलेल्या पुष्कळ चामडी वाद्या, बाहेरून रानडुकराचे पांढरे सुळे ओळीने लावलेले, आणि मधोमध नमदा. नमदा म्हणजे न विणलेलं लोकरीचं जाड कापड. लोकर ओली करून, चोळून, दाबून तिचे तंतू एकमेकांत गुंतवून तो तयार होतो.

हे वर्णन मला फार मोलाचं वाटतं. बाहेर कडक थर, मध्ये घाव जिरवणारा थर, आत डोक्यापासून अंतर राखणारी वाद्यांची जाळी. दुचाकीच्या हेल्मेटचा सगळा विचार त्यात आहे. शिवाय होमरची काव्यं आजच्या रूपात आली त्याच्या कित्येक शतकं आधीच सुळ्यांची शिरस्त्राणं वापरातून गेली होती. तरी डेंड्रासारख्या थडग्यांतून तसेच कापलेले, भोकं पाडलेले सुळे सापडले. म्हणजे कवितेत टिकलेली आठवण कल्पनेतली नव्हती.

पुढे ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपास कोरिंथियन म्हणून ओळखलं जाणारं शिरस्त्राण ग्रीसमध्ये रूढ झालं. डोळ्यांना दोन छिद्रं, मध्ये नाकाची पट्टी, बाकी सगळा चेहरा झाकलेला, आणि हे सारं कांस्याच्या एकाच पत्र्यातून घडवलेलं. ऑलिंपियाच्या देवस्थानात लढाई जिंकलेल्यांनी अर्पण केलेली अशी कितीतरी शिरस्त्राणं मिळाली आहेत. त्यांतल्या जुन्या नगांच्या कडेने बारीक भोकांची रांग असते, अस्तर शिवण्यासाठी. नंतरच्या नगांत ही भोकं नाहीशी होतात. म्हणजे अस्तर गेलं असं समजायचं का? तसं मानण्याचं कारण नाही. चिकटवून बसवलेलं अस्तर किंवा खाली घातलेली नमद्याची टोपी यांना भोकं लागत नाहीत. शिरस्त्राण डोक्यापेक्षा चांगलंच प्रशस्त असतं, हेही लक्षात घ्यावं. नुसतं डोक्यावर ठेवलं तर ते डुलेल, आणि डोळ्यांची छिद्रं डोळ्यांसमोर राहणार नाहीत. मधली पोकळी कशाने तरी भरलेली होती.

कशाने भरत, याचं एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळतं. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात समुद्रातल्या स्पंजांच्या जाती सांगितल्या आहेत. त्यांतली एक जात सर्वांत बारीक, दाट आणि चिवट; तिला अकिलीसच्या नावाने ओळखत. तो सहज सांगून जातो, की हा स्पंज शिरस्त्राणांच्या आणि नडगीवरच्या पत्र्यांच्या आत घालतात, घावाचा आवाज कमी व्हावा म्हणून.

आवाजाचा उल्लेख पहिल्यांदा वाचताना किरकोळ वाटतो. पण कोरिंथियन शिरस्त्राणात कान झाकलेले असतात. कानापासून बोटभर अंतरावर कांस्याच्या पत्र्यावर घाव बसला तर तो घणघणतो, आणि ती घणघण म्हणजे पत्र्याचं थरथरणं. त्याला टेकून दाट स्पंज असेल तर थरथर तिथेच दबते. आवाज दाबणारी वस्तू धक्क्याचाही काही भाग शोषते. ॲरिस्टॉटलने भौतिकशास्त्र मांडलेलं नाही, वापरणाऱ्यांना काय जाणवायचं ते नोंदवलं आहे.

सुट्या टोपीचा सर्वांत जिवंत पुरावा मात्र रोमन काळातला आहे. तोवर शिरस्त्राणं लोखंडाचीही होत होती, पण टोपीचं काम तेच. इ.स. ३५९मध्ये इराणच्या ससानी सैन्याने अमिडा हे शहर (आजच्या तुर्कस्तानातलं दियारबाकिर) जिंकलं. तिथून निसटलेल्यांत आम्मिआनुस मार्सेलिनुस हा रोमन अधिकारी होता, पुढे तो इतिहासकार झाला. वाळवंटात तहानेने जीव जात असताना त्याला आणि त्याच्या साथीदारांना एक खोल विहीर सापडली. उतरता येईना, दोर नव्हता. त्यांनी अंगातले लिननचे कपडे फाडून पट्ट्यांचा लांब दोर केला, आणि एकाने शिरस्त्राणाखाली घातलेली टोपी त्याच्या टोकाला बांधून आत सोडली. टोपीने स्पंजासारखं पाणी शोषलं. ती वर ओढून, पिळून त्यांनी तहान भागवली. चिलखताच्या इतिहासात सहज दुर्लक्षित राहणाऱ्या एका वस्तूविषयी या एका प्रसंगातून किती कळतं: ती सुटी होती, जाड होती, पाणी धरून ठेवण्याइतकी भरीव होती, आणि जीव मुठीत धरून पळणाऱ्या माणसाच्याही डोक्यावर ती राहिली होती.

## नडगी

पायाची नडगी हाताने दाबून पाहा. मध्ये मांस नाही. कातडी आणि लगेच हाड. साधी खाटेची कड लागली तरी डोळ्यांत पाणी येतं. तिथे पत्रा बांधायचा म्हणजे घाव सरळ हाडावर.

ग्रीक कारागिरांनी नडगीचे पत्रे पुढे इतके नेमके घडवले, की पट्टा न लावता ते नुसत्या लवचिकपणाने पोटरीला पकडून राहत. पण पळताना असा पत्रा घसरतो, घोट्याला घासतो. आतला थर इथे पकडही देतो आणि घसटही थांबवतो. ॲरिस्टॉटलच्या स्पंजाच्या यादीत शिरस्त्राणांबरोबर नडगीचे पत्रे आले, ते उगीच नाही.

आणि त्या यादीत छातीचं कवच नाही. ते तिथे का नसावं, हा माझ्या मते या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

## छातीला जाड गादी हवीच होती ना?

चिलखताखाली जाड भरलेला अंगरखा असायचाच, असं आज सहज म्हटलं जातं. ही कल्पना मुख्यतः मध्ययुगीन युरोपातून आली आहे, आणि तिथे ती बरोबर आहे. पण तिथलं चिलखत बराच काळ कड्यांचं होतं: हजारो लहान कड्या एकमेकींत ओवून केलेलं, कापडासारखं लोंबणारं. प्रतापगडाच्या प्रसंगात अंगरख्याखालच्या ज्या चिलखताबद्दल आपण शाळेत वाचलं, ते बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असंच येतं. कड्यांचं चिलखत धार अडवतं, पण घावाबरोबर आत दबतं. जोर पसरवण्याची ताकद त्यात नसते. त्यामुळे त्याखाली जाड गादी लागतेच.

पत्र्याचं तसं नाही. तो ताठ असतो, जोर स्वतःच पसरवतो. शिवाय ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातलं अर्गोसच्या थडग्यात सापडलेलं छातीचं कवच पाहिलं, तर त्याची खालची कड घंटेसारखी बाहेर फाकलेली दिसते. म्हणजे कमरेपाशी पत्रा आणि अंग यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. घाव जिरवायला जे अंतर लागतं, त्याचा काही भाग इथे आकारातच मिळतो. छातीवर आणि पोटावर मांस आहे, बरगड्या थोड्या लवतात. डोकं आणि नडगी यांना ती सोय नाही.

ग्रीक घटांवरच्या चित्रांत कवच चढवणारे योद्धे दिसतात, आणि कवचाखाली त्यांच्या अंगात पातळ, चुण्यांचा आखूड अंगरखा असतो. जाड भरलेला कोट त्या चित्रांत नसतो.

मग कवच अंगाला त्रास देत नसे का? देत असे, आणि त्यावरचा तोडगा गादीपेक्षा मापात शोधला गेला. झेनोफोन या ग्रीक लेखकाने सॉक्रेटिस आणि पिस्तिआस नावाच्या कवचकाराचा संवाद लिहून ठेवला आहे. दुसऱ्यांपेक्षा तुझं कवच महाग का, असं सॉक्रेटिस विचारतो. पिस्तिआस म्हणतो, माझं कवच अंगाला बेतून केलेलं असतं. बोलता बोलता मुद्दा निघतो, की नीट बसणाऱ्या कवचाचं वजन गळ्याची हाडं, खांदे, छाती, पाठ, पोट यांत वाटलं जातं आणि ते ओझं वाटत नाही. न बसणारं कवच नुसत्या खांद्यांवर लोंबतं आणि जाचतं. घोडेस्वारीवरच्या आपल्या पुस्तकातही झेनोफोन बजावतो, की ढिलं कवच खांद्यांना एकट्याने वाहावं लागतं आणि फार घट्ट कवच म्हणजे कवच नव्हे, बेडी.

आता विचार करा: मापात बसवलेल्या कवचाखाली बोटभर जाड गादी घातली तर माप बिघडतं. गादी नसताना मोजमाप घेतलं असेल तर गादी मावणार नाही. गादीसकट घेतलं असेल तर कवच इतकं मोठं दिसेल की अंगाच्या ठेवणीवर स्नायू कोरून काढण्याची नंतरची पद्धत साधलीच नसती. म्हणून माझं मत असं, की त्या काळच्या ग्रीक छातीकवचाला पातळ अस्तर आणि त्याखाली साधा कपडा एवढंच होतं, आणि जाड थर राखून ठेवले होते ते हाड जिथे कातडीलगत येतं त्या जागांसाठी. 'पत्र्याला गादी होती का' असं सरसकट विचारलं, की उत्तर चुकतं. शरीराच्या कोणत्या भागावर, हे आधी सांगावं लागतं.

डेंड्राचं चिलखत याहून जुनं आणि सैल घडणीचं, नळकांड्यासारखं. त्यात आत काही घालायला जागा होती. क्रीटमधल्या क्नोसोसच्या मातीच्या पाट्यांवरच्या नोंदी इथे उपयोगी पडतात. लिनिअर बी ही त्यांची लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२मध्ये उलगडली. एका पाटीवर बारीक लिननचा अंगरखा नोंदवला आहे आणि त्याच्यापुढे कांस्याचं वजन, सुमारे एक किलो. धातू त्या कपड्यावर जोडायचा होता, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. म्हणजे लिनन आणि कांस्य यांची सांगड राजवाड्याच्या हिशेबात लिहिली जाण्याइतकी नेहमीची होती. त्याच लिपीत चिलखतासाठी एक चित्रचिन्हही आहे, आणि डेंड्राचा उंच गळपत्रा त्या चिन्हात ओळखू येतो.

## मऊ थर एवढा गुणी, तर धातू हवाच कशाला?

१९६२मध्ये जॉन कोल्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांस्ययुगीन ढालींच्या दोन प्रतिकृती घेतल्या, एक पातळ पत्र्याची आणि एक कडक केलेल्या चामड्याची, आणि दोन्हींवर कांस्याच्या तलवारीने वार केले. पत्रा चिरला, चामड्यावर थोडे ओरखडे आले. त्यावरून पत्र्याच्या ढाली निव्वळ शोभेच्या, असं मत कित्येक वर्षं रूढ झालं. पुढच्या संशोधकांनी योग्य जाडीचा, नीट मठारलेला कांस्याचा पत्रा घेऊन प्रयोग केले तेव्हा त्या ढाली वार झेलू शकल्या. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले तर चामड्याची ताकद मान्य करावी लागते आणि धातूचीही.

नुसत्या लिननची कवचं ग्रीकांनी वापरलीच, आणि ती हलकी असल्याने लोकप्रियही झाली. पण बारीक टोकाच्या शस्त्रापुढे कापडाला बरीच जाडी लागते. ते एकदा फाटलं की तिथे कमजोर होतं, भिजलं की जड होतं. पत्रा थोड्या जाडीत टोक अडवतो आणि पोचा आला तर ठोकून सरळ करता येतो. 'इलियड'च्या चौथ्या सर्गात शत्रुपक्षातल्या पांडारसचा बाण ग्रीक राजा मेनेलाउसला लागतो तेव्हा तो आधी पट्ट्यातून जातो, मग कवचातून, मग पोटावरच्या धातूच्या पट्टीतून, आणि शेवटी कातडीवर ओरखडा काढून थांबतो. एकेका थराने त्याचा थोडा थोडा जोर काढून घेतला.

## उकाडा, घाम आणि पाऊस

मऊ थराची किंमतही मोजावी लागे. कांस्य उष्णता झटकन वाहून नेतं. भूमध्य समुद्राकाठच्या उन्हाळ्यात उघडा पत्रा अंगाला लागू देण्यासारखा राहत नाही, तेव्हा मध्ये काहीतरी हवंच. पण तोच थर अंगातली वाफ अडवतो. घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. १३ जवानांच्या प्रयोगात शरीराचं तापमान इतक्या काळजीने मोजलं गेलं ते यामुळेच. जाड गादी सबंध धडावर घातली असती तर ११ तास काढणं फार अवघड झालं असतं, आणि छातीला गादी कमी असण्याचं हे आणखी एक सबळ कारण मला दिसतं.

घामात मीठ असतं, आणि मीठ तांब्याला खातं. कांस्य हिरवं पडतं, तो हिरवा थर कपड्याला आणि कातडीला लागतो. चामडं घामाने आधी मऊ पडतं, मग वाळून कडक होतं, तडकतं. अस्तर ही बदलत राहायची वस्तू होती. कडेच्या भोकांतून शिवलेलं अस्तर उसवून नवं शिवता येतं, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा.

भिजण्याचा प्रश्न रोमनांनी लिहून ठेवला आहे. चौथ्या शतकाच्या आसपासच्या एका लॅटिन लष्करी टिपणात चिलखताखाली घालायच्या नमद्याच्या कपड्याची शिफारस आहे: धातूचं वजन आणि घसट अंगाला बाधू नये म्हणून. लगेच पुढे सूचना येते, की पाऊस आला तर त्यावर चामड्याचं आवरण घाला, नाहीतर नमदा भिजून जड होईल.

## कुजलेल्या वस्तूचा पुरावा राहतो कसा?

लोकर, चामडं, लिनन मातीत काही वर्षांतच संपून जातात. पण ती कांस्याला चिकटून असतील तर गोष्ट बदलते. कांस्य गंजताना तांब्याचे क्षार बाहेर पडतात, आणि ते जंतूंना मारक असतात. धातूलगतच्या बोटभर पट्ट्यात कुजणं मंदावतं. कधीकधी हे क्षार धाग्यात शिरून त्याची जागाच घेतात: धागा जातो, पण त्याचा पीळ, विणीची घडण, केसाची जाडी हिरव्या गंजात जशीच्या तशी उतरते. सूक्ष्मदर्शकाखाली ते लोकर आहे की लिनन, हे सांगता येतं.

यातली दुःखाची गोष्ट अशी, की एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात सापडलेल्या अनेक कांस्यवस्तू आम्लाने किंवा विजेच्या प्रक्रियेने घासूनपुसून चकचकीत केल्या गेल्या. बाहेरचा हिरवा थर गेला तसा आतलाही गेला, आणि त्याबरोबर अस्तराची खूणही. आता जतन करणारे तज्ज्ञ आतली माती आणि गंज आधी तपासतात, मगच हात लावतात.

अशी शिरस्त्राणं असलेल्या संग्रहालयात जाण्याचा योग आला, तर शिरस्त्राणाच्या समोर उभं न राहता थोडं बाजूला व्हा आणि कडा पाहा. भोकं आहेत का, सलग आहेत की काही ठिकाणीच आहेत, कड वळवलेली आहे का, ते बघा. आत डोकावता आलं तर पत्र्याचा पृष्ठभाग बाहेरच्याइतका गुळगुळीत आहे का, हेही पाहा. चीनमध्ये आन्यांग इथे प्राचीन शांग राजवंशाच्या थडग्यात शंभराहून अधिक कांस्य शिरस्त्राणं निघाली. ती साच्यात ओतलेली आहेत. बाहेरून घासून चकचकीत केलेली, आतून मात्र खडबडीत. तशा धातूवर उघडं डोकं टेकवता येत नाही. मधला थर गेला, पण त्याची गरज त्या खडबडीत पृष्ठभागावर आजही वाचता येते.